एका एकराचा ऊर्जेचा ताळेबंद : मोट, मोटर, ठिबक

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जाऊन त्यांची वीज कुठं गळते ते शोधून देणं हा माझा धंदा. कॉम्प्रेसरची सुटलेली हवा, भट्टीची तापलेली भिंत, रिकामा फिरत राहिलेला पट्टा. गेल्या दिवाळीत मामाकडं गेले तेव्हा मामेभाऊ सहज म्हणाला, "ताई, एकदा आमच्या मळ्याचंपण ऑडिट कर की." त्यानं चेष्टेत म्हटलं होतं, मी मनावर घेतलं.

मनावर घ्यायला कारण होतं. त्या घरात एक भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. मामा म्हणतो, पूर्वीची शेती घरच्या घरी भागायची, आता नुसतं बाहेरचं आणून ओतायचं. मामेभाऊ म्हणतो, पूर्वीची शेती म्हणजे बैलांचे आणि बायकांचे हाल, पिकायचं काय तर चार ढेपा. दोघंही आकड्याशिवाय भांडतात. मला आकडे काढता येतात. म्हणून एकच एकर घेतला, विहिरीलगतचा. त्यात तीन पिढ्यांनी आडसाली, म्हणजे सोळा महिन्यांचा, ऊस घेतला आहे, म्हणजे तुलना एकाच पिकाची, एकाच मातीची आणि एकाच विहिरीची होते.

मामाचं गाव हवेली तालुक्याच्या पूर्व अंगाला, सोलापूर रस्त्यानं पुण्यापासून तासाभरावर. खडकवासल्याचा जुना मुठा उजवा कालवा वरून जातो. आमच्या तुकड्याला पाटपाण्याचा हक्क नाही, पण कालव्याचा पाझर विहिरीला लागतो, म्हणून उन्हाळ्यातही ती तळ दाखवत नाही.

तीन हंगाम निवडले. पहिला १९५७-५८चा, आजोबांचा : चार बैल, सोंडेची मोट आणि घरचं गुऱ्हाळ. दुसरा १९८७-८८चा, मामाचा : पाच हॉर्सपॉवरची मोटर, पाटानं मोकळं पाणी, युरिया. तिसरा २०२३-२५चा, मामेभावाचा : साडेसातची मोटर, ठिबक आणि रोपांची लागण. शेवटच्या हंगामातलं बरंचसं मी स्वतः मोजलं. मधल्याचे आकडे मामाच्या वहीतून, पट्टीच्या पावत्यांतून आणि त्याच्या तल्लख स्मरणशक्तीतून आले. पहिल्यासाठी आजोबांची लाल कापडी चोपडी होती. तिच्यात किती ढेपा झाल्या, किती गाड्या खत पडलं, कुणाला किती रोज दिला, सगळं आहे. मोटेच्या पाळ्यासुद्धा आहेत. आजोबा त्या चोपडीत बैलाच्या पायाची नालही लिहायचे. मोटेचा घेर आणि दिवसाची चाल मात्र चोपडीत नाही, ती मामाच्या सांगण्यावरून धरली. हिशेब घरगुती आहे, पाच-दहा टक्के इकडंतिकडं होईल.

मापं

ऊर्जेचा हिशेब करायचा तर माणूस, बैल, डिझेल, वीज आणि खत एकाच मापात आणावं लागतं. आपल्याकडच्या कृषी अभियांत्रिकीत त्यासाठी ठरलेले गुणांक आहेत : डिझेलच्या लिटरला ५६.३१ मेगाज्यूल, विजेच्या युनिटला ११.९३, नत्राच्या किलोला ६०.६, बैलजोडीच्या एका तासाला १०.१. ऊस किलोमागे ५.३ धरतात. मेगाज्यूल हे नाव बोजड वाटलं तर एवढं लक्षात ठेवा : १६ मेगाज्यूल म्हणजे साधारण एक किलो साखर.

विजेच्या युनिटमध्ये खरं तर ३.६ मेगाज्यूलच असतात. पण कोळशाच्या केंद्रात एक युनिट बनवताना त्याच्या तिपटीहून जास्त उष्णता खर्ची पडते, म्हणून ११.९३ धरतात. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, पुढं यातून एक गंमत निघते.

या तक्त्यात आणखी एक ओळ आहे. पुरुषाच्या एका तासाला १.९६ आणि बाईच्या एका तासाला १.५७. मामीला हे वाचून दाखवलं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "व्हय का? मग खुरपताना सरी बाईची पयली का संपायची?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. शरीराच्या आकारमानावरून धरलेला आकडा आहे, एवढंच सांगता आलं. हिशेबात बायका-पुरुष मिळून सरासरी १.८ धरली, मामीची माफी मागून.

आजोबांचा हंगाम

मोट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विहिरीच्या काठावर चाक, चाकावरून नाडा, नाड्याला कातड्याची पिशवी म्हणजे मोट आणि तिच्या सोंडेला सोल, म्हणजे बारीक दोर. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतरणीवरून, खाली जातात, मोट वर येते, सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या टाक्यात, मोकळी होते. मग बैल उलटे, पाठीमागं चालत वर. मामा सांगतो, उलटं चालायला बैल शिकवावा लागतो आणि शिकला नाही तर बाजार दाखवावा लागतो.

मोट दीडशे लिटरची, तासाला ४५ खेपा, दिवसाचे सात तास. एकराला एक पाणी द्यायला तीन दिवस लागत. चोपडीत त्या हंगामात ३५ पाळ्या आहेत. म्हणजे १०५ दिवस, ७३५ तास बैलजोडी फक्त मोटेवर. तेवढेच तास एक माणूस मोट हाकायला आणि दुसरं कुणीतरी दारं धरायला, म्हणजे पाणी सरीसरीत वळवायला. ते दुसरं कुणीतरी बहुतेक वेळा माझी आजी असायची, चोपडीत तिचा रोज कुठंही नाही.

बेरीज अशी. मोटेचे बैल ७,४०० मेगाज्यूल. नांगरट-कुळवणीचे बैल १,०००. माणसांचे २,४०० तास म्हणजे ४,३००. शेणखत २० गाड्या, ३,०००. आणि दोन पोती अमोनियम सल्फेट, १,२५०. सिंद्रीचा खत कारखाना १९५१ साली सुरू झाला होता आणि त्याची पोती सहा-सात वर्षांत हवेलीच्या मळ्यापर्यंत पोचली होती. बैलांच्या काळातली शेती अगदी निर्भेळ घरची होती, असं समजण्याचं कारण नाही. एकूण १७,००० मेगाज्यूल.

गूळ झाला २८ क्विंटल. त्यावरून ऊस २७ टन धरला, बेण्याचा, म्हणजे लागणीला वापरलेला, अडीच टन वजा केला, राहिले १,३०,००० मेगाज्यूल. घातलेल्या एकाला साडेसात निघाले. नेमकं म्हणायचं तर ७.६.

मामाचा हंगाम

सत्तरच्या दशकात या भागात लाईट आली आणि १९७७ साली राज्यानं शेतीपंपांना हॉर्सपॉवरवर ठरावीक दर लावला. मीटर वाचायचा प्रश्नच मिटला. पाच हॉर्सपॉवर म्हणजे पाच हॉर्सपॉवरचं बिल, मग मोटर दिवसातून दोन तास चालवा नाहीतर बारा. मामा म्हणतो, "मोटेला दया यायची बैलाची. मोटरला कोण दया करतंय?"

इथून पुढचं सगळं या वाक्यात आहे. बारा तास मोटर चालली की एकर भिजायचा, आणि आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा. एका पाण्यात मोटेच्या दुप्पट पाणी. ३६ पाण्यांचे मिळून ४३० तास, १,९४० युनिटं, म्हणजे २३,००० मेगाज्यूल. आजोबांच्या अख्ख्या शेतीला जेवढी ऊर्जा लागली तिच्याहून जास्त मामानं नुसतं पाणी उपसायला घातली. उपसा किती? मोटेनं हंगामात ५० लाख लिटर पाणी काढलं होतं, मोटरनं काढलं १ कोटी १६ लाख.

दुसरा मोठा आकडा खताचा. युरियाची आठ पोती, तेव्हाची ५० किलोची. सुपर फॉस्फेट आणि पोटॅश धरून १२,३०० मेगाज्यूल, त्यातले ११,००० एकट्या नत्राचे. नत्र हवेतच आहे, चार-पंचमांश हवा नत्राचीच. पण त्याच्या दोन अणूंची मिठी इतकी घट्ट असते की ती सोडवायला प्रचंड दाब आणि साडेचारशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. फ्रिट्झ हाबरनं १९०९ साली ते प्रयोगशाळेत करून दाखवलं, कार्ल बॉशनं १९१३ साली जर्मनीत कारखाना उभा केला. आपल्याकडं तेच काम रायगड जिल्ह्यातल्या थळला नैसर्गिक वायूवर चालतं. पोतं पांढरं-स्वच्छ दिसतं, पण ते गोठवलेलं इंधन आहे. आजचं ४५ किलोचं युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. त्यात नत्र भरतं २०.७ किलो आणि वरच्या गुणांकानं ती २२ लिटर डिझेलएवढी ऊर्जा होते. पुण्यात डिझेल लिटरला नव्वदीच्या घरात आहे. गुणाकार ज्याचा त्यानं करावा.

आणि ट्रॅक्टर? भांडणात मामाचा सगळा राग ट्रॅक्टरवर असतो, कारण ट्रॅक्टर दिसतो, धूर सोडतो आणि त्यानं बैल घालवले. १९८८ साली भाड्याच्या ट्रॅक्टरनं या एकरात ३० लिटर डिझेल जाळलं, १,७०० मेगाज्यूल. एकूण बेरजेच्या चार टक्के. बांधणीला बैल तेव्हाही होते, ६०० मेगाज्यूल. माणसं १,५०० तास, २,७००. शेणखत १,५००. एकूण ४२,०००.

ऊस ४५ टन निघाला. आजोबांसारखंच बेणं वजा करून एकाला ५.४.

म्हणजे मामा बरोबर. उत्पन्न पावणेदोन पटीच्या आसपास वाढलं आणि ऊर्जा अडीच पट गेली. हीच गोष्ट अमेरिकेतल्या मक्याबद्दल शास्त्रज्ञ डेव्हिड पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली मांडली होती. १९४५ ते १९७० या काळात मका एकरी ३४ बुशेलवरून (बुशेल हे तिकडचं धान्याचं माप) ८१ बुशेलवर गेला, पण एका कॅलरीमागे मिळणाऱ्या कॅलरी ३.७वरून २.८वर आल्या. त्याच साली तेल भडकलं आणि जगाला हा हिशेब पटला. यंत्रं आली की शेतीची कार्यक्षमता घसरत जाते, ही समजूत तेव्हापासून घट्ट बसली आहे.

मामेभावाचा हंगाम

आता मोजलेले आकडे. मी टाँग टेस्टर (तारेतली वीज मोजायचा चिमटा), दाबमापक आणि पाचशे लिटरची टाकी घेऊन दोन रविवार विहिरीवर बसले. दिवसाची लाईट आठ तास आणि रात्रीची दहा, आलटून पालटून. माझ्या नशिबी पहिल्या रविवारी रात्रीची होती. टाकी ९४ सेकंदांत भरते. मोटर साडेपाच किलोवॅट ओढते. पाणी १६ मीटर खाली आणि डिलिव्हरीवर दाब २.६ किलो, म्हणजे आणखी २६ मीटर. एकूण ४२ मीटर उंचीवर पाणी चढवल्यासारखं. पंपसंचाची कार्यक्षमता ४० टक्के येते. तीनदा रिवाइंड झालेल्या मोटरला हे वाईट नाही, मी कारखान्यांत याहून वाईट पाहिलेत.

ठिबकनं या एकरात हंगामभर ६१ लाख लिटर पाणी दिलं, मामाच्या निम्म्याच्या आसपास. मग वीजही निम्मी व्हायला हवी. झाली १,७४० युनिटं. मामाची १,९४० होती. पाणी निम्मं, वीज फक्त दहा टक्क्यांनी कमी.

मामेभाऊ दोन मिनिटं कागदाकडं बघत राहिला. उत्तर साधं आहे. मोकळ्या पाण्याला फक्त विहिरीतून वर यायचं असतं, पुढं पाटातून ते उतारानं जातं. ठिबकच्या पाण्याला वर येऊन नंतर वाळूच्या फिल्टरमधून, अडीच इंची पाइपातून आणि हजारो बारीक छिद्रांतून दाबानं जावं लागतं. मामाच्या मोटरला पाणी १८ मीटर चढवावं लागायचं, याच्या मोटरला ४२. ठिबक पाणी वाचवतं हे खरं. विजेचं मात्र प्रत्येक शेतात वेगळं मोजावं लागेल.

खतात बचत मोठी आहे. व्हेंचुरीतून, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीतून, थोडं थोडं देतो म्हणून नत्र १८४ किलोवरून १५५वर आलं, सगळी खतं मिळून १०,५०० मेगाज्यूल. डिझेल मात्र ६५ लिटरवर गेलं : सबसॉयलर, रोटाव्हेटर, पॉवर टिलर. ३,७०० मेगाज्यूल, तरी एकूण बेरजेच्या दहा टक्क्यांच्या आतच. माणसं १,१०० तास, २,०००. त्यातले सहाशेहून जास्त तास ऊसतोडीचे. तोड अजून कोयत्यानंच होते, बीडकडून आलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या करतात. सगळ्या यांत्रिकीकरणात ऊस तोडणाऱ्याची पाठ तेवढी जिथल्या तिथं वाकलेली आहे. शेणखत तीन टन, ९००. तणनाशक-कीटकनाशक ७००.

आणि एक आकडा मी हट्टानं घातला, ठिबकच्या नळ्यांचा. एकराला ९५ किलोच्या आसपास प्लास्टिक लागतं. ते बनवायला लागलेली ऊर्जा नळ्यांच्या आयुष्यावर वाटली की एका पिकाच्या वाट्याला १,५०० मेगाज्यूल येतात. उंदीर-खारी किती लवकर कुरतडतात त्यावर हे आयुष्य अवलंबून, पण एवढं धरून चालू.

एकूण ४०,०००. ऊस ६२ टन. रोपं लावल्यानं बेणं नाममात्र. एकाला ८.१.

म्हणजे मामेभाऊही बरोबर. गुणोत्तर ७.६वरून ५.४ला पडलं आणि ८.१वर चढलं, आजोबांच्याही वर. हे एका विहिरीपुरतंच घडलेलं नाही. पिमेंटेलच्या आकड्यांनंतरच्या दशकांत अमेरिका-कॅनडापासून बऱ्याच ठिकाणी असाच खड्डा आणि त्यानंतरचा चढ दिसला आहे. सुधारित वाण, खताची नेमकी मात्रा आणि बरे इंजिन-पंप, कारणं साधारण हीच. आमच्या एकरात तरी चढाचं मुख्य कारण ऊस जास्त आला हे आहे. ऊर्जा फारशी कमी झालेली नाही.

बांध कुठं घालायचा

इथं थांबले असते तर मामेभावानं पेढे वाटले असते. पण कारखान्याचं ऑडिट करताना पहिला प्रश्न असतो की हिशेबाची हद्द कुठं धरायची. शेतात त्याला बांध म्हणतात आणि तो सरकवण्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात. ऊर्जेच्या हिशेबातला बांधही तसाच आहे. हातभर सरकवला की निकाल उलटतो.

बैलाच्या तासाला १०.१ मेगाज्यूल धरले. पण बैल काम करतो ते काही तास आणि खातो रोज. मोटर बंद केली की वीज खात नाही. बैल आखाडात गोठ्यात उभा असला तरी त्याला कडबा लागतो. एक जोडी दिवसाला १४ किलो कोरडा चारा खाते असं धरलं, तर सोळा महिन्यांच्या ऊसात तिच्या पोटात लाखभर मेगाज्यूल जातात. तिच्या कामातला निम्मा वाटा या एकराचा धरला तर ५०,०००. बैलांच्या तासांचे आधी धरलेले ८,४०० काढून हे घातलं की आजोबांची बेरीज १७ हजारांवरून ५९ हजारांवर जाते आणि गुणोत्तर ७.६वरून २.२वर येतं. तिन्ही पिढ्यांत सगळ्यात खाली.

मामाला हे आवडलं नाही. "कडबा का माणसानं खायचा होता?" असं त्यानं विचारलं आणि त्याचा मुद्दा रास्त आहे. ज्वारी माणसाला, ताटं बैलाला. वाढं बैलाला, ऊस गुऱ्हाळाला. जे आपल्याला पचत नाही त्याचं बैल काम करून देतो, वर शेण देतो. ते शेण मी खतात वेगळं मोजलंच आहे, म्हणजे चाराही मोजला तर एकच गोष्ट दोनदा धरल्यासारखं होतं. हेही खरं.

पण चारा फुकट नव्हता, त्याला जमीन लागत होती. एका जोडीला वर्षाला पाच टन कोरडा चारा. कोरडवाहू ज्वारीच्या एकरात टन-सव्वा टन कडबा, म्हणजे चार एकरांचा कडबा एका जोडीच्या दावणीत. आजोबांना नऊ एकर होते, दोन जोड्या होत्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागरची पाहणी करून १९१७ साली छापली. त्या गावात १७७१ साली सरासरी धारण ४० एकर होती, ती १९१५च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. सात एकरवाल्यानं जोडी ठेवायची म्हणजे अर्ध्याहून अधिक जमिनीचा चारा तिच्या नावानं. बैल परवडेनासा झाला तो ट्रॅक्टर यायच्या आधीपासून. आज त्या पिंपळे सौदागरात बारा-पंधरा मजली सोसायट्या आहेत आणि त्यांच्या पाण्याच्या टाक्यांना आमच्या विहिरीवर आहे त्याहून मोठे पंप.

आता बांध दुसरीकडं सरकवू. बाहेरून विकत आणलेली ऊर्जा तेवढी मोजू. माणूस, बैल आणि शेण घरचं म्हणून सोडून देऊ. आजोबांची बाहेरची ऊर्जा १,२५० मेगाज्यूल, ती दोन पोती सल्फेट. मामाची ३७,०००. मामेभावाची? तीसुद्धा ३७,०००. मी तीनदा बेरीज केली. वीज उतरली, खत उतरलं, पण डिझेल, प्लास्टिक आणि औषधं चढली आणि काटा पुन्हा तिथंच आला. पस्तीस वर्षांच्या सुधारणेनंतर या एकराची बाहेरची भूक रेसभरही कमी झालेली नाही. ज्या ४०,०००वर आज ऊस उभा आहे त्यातले ९३ टक्के चंद्रपूर-कोराडीच्या कोळशातून, थळच्या वायूतून, पंपावरच्या डिझेलमधून आणि प्लास्टिक-औषधांतून येतात.

शिवाय हा एका एकराचा हिशेब. ठिबकनं पाणी वाचलं त्याचं काय झालं, हे मी विचारेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मामाच्या काळात या विहिरीवर अडीच एकर ऊस होता. आता चार एकर आहे. एकराचं गुणोत्तर दीडपट सुधारलं आणि घराची उसावरची ऊर्जा एक लाख पाच हजारांवरून एक लाख साठ हजारांवर गेली. मामेभाऊ म्हणाला, "वाचलेलं पाणी विहिरीत ठेवून त्याची पूजा करू का?" त्याचंही चूक नाही.

काही गोष्टी मी बांधाबाहेर ठेवल्या, त्या सांगून टाकते. जवळचा कारखाना बंद पडल्यापासून ऊस लांब जातो, त्या वाहतुकीचं डिझेल यात नाही. पुण्याचं मैलापाणी मुळा-मुठेतून खाली येतं, नदीकाठच्या उसाला त्यातून नत्र फुकट मिळतं, तेही नाही. एके काळी पुण्याची नगरपालिका हेच सोनखत करून विकत असे आणि ऊसकरी ते गाड्या जोडून न्यायचे. आता ते नदीतून न मागता येतं, सोबत बाकी सगळं घेऊन. आणि पाचट. ६२ टन ऊसामागे सहा टनांच्या आसपास वाळलेलं पाचट निघतं, त्यात ९०,००० मेगाज्यूल आहेत, अख्ख्या हंगामात घातलेल्या ऊर्जेच्या दुपटीहून जास्त. मामानं ते पंचवीस वर्षं पेटवलं. मामेभाऊ कुट्टी करून सरीत ठेवतो. या घरातली सगळ्यात मोठी ऊर्जाबचत मला हीच वाटते आणि गुणोत्तराच्या आकड्यात ती कुठंच दिसत नाही.

माणसाचे तास घेतले तर भांडणच उरत नाही. तासाला आजोबांकडं ११ किलो ऊस, मामाकडं ३०, मामेभावाकडं ५६. आजीचा न लिहिलेला रोज धरूनच हे आकडे आहेत. शेतीत यंत्रं आली ती ऊर्जा वाचवायला आलीच नव्हती. ती आली आजीला विहिरीवरून सोडवायला, आणि तिथं ती शंभर टक्के यशस्वी झाली. तिला मात्र उशीर झाला, मोटर बसली त्याच वर्षी ती गेली.

शिफारस आणि तिचं काय झालं

ऑडिट म्हटलं की शिफारशी आल्या. फिल्टरच्या आधी दाब २.६, नंतर १.६; फिल्टरच दहा मीटर खातो. वेळच्या वेळी उलटं पाणी सोडून धुतला तर त्यातले सात-आठ मीटर सुटतील. मुख्य पाइप अडीचऐवजी तीन इंची केला तर आणखी दोन-तीन मीटर. उंची ४२वरून ३२वर येईल, वीज पावपट वाचेल आणि त्या उंचीला साजेसा पाचचा नवा पंप बसवला तर पाणीही एवढंच पडेल. कारखान्यात असा कागद दिला असता तर व्यवस्थापकानं दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला असता.

मामेभावानं कागद नीट घडी करून चोपडीत ठेवला. एप्रिल २०२४पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना बळीराजा योजनेत वीज मोफत आहे. वाचलेल्या चारशे युनिटांची किंमत त्याच्यासाठी शून्य रुपये, पाइपाची किंमत मात्र रोख. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं. चाकणच्या कारखान्याच्या युनिट दरात शेतीच्या अनुदानाचाही वाटा असतो, तो वाचवायला तोच कारखाना मला पैसे देऊन बोलावतो. एकाच तारेतून येणारी वीज, एका टोकाला मी लागते आणि दुसऱ्या टोकाला लागत नाही.

फिल्टर मात्र त्यानं जूनमध्ये धुतला. शेवटच्या सऱ्यांना पाणी पोचत नव्हतं म्हणून.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. सौर पंपाचा अर्ज भरत होता. मी मनातल्या मनात हिशेब केला. सौर विजेला ११.९३ कशाला, ३.६च धरायचे, मग वीज २०,८००वरून ६,३००वर येते आणि गुणोत्तर ८.१वरून एकदम १२.८. शेतात एक काडीही इकडची तिकडं न होता. उन्हाला बिल नाही, लोडशेडिंग नाही आणि मोटर रोज सकाळी आठला सुरू होणार, लागो वा न लागो.

"ताई, इथं हॉर्सपॉवर विचारलाय. तीन, पाच का साडेसात?"

"पाच पुरे होतो तुला. फिल्टर धूत जा, पाइप बदल."

"सात एकरवाल्याला साडेसात बसतोय."

"बसतोय, पण लागत नाही."

पलीकडं कागदाचा आवाज आला. मामा मागून काहीतरी बोलला, बहुतेक मोटेबद्दल.

"साडेसातच टाकतो," तो म्हणाला. "विहिरीच्या वरचा दीड एकर अजून मोकळाच आहे."